पोळ्याला न्हालेली जीप

लढाई संपली, मिलिटरीच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या आणि आमच्या मोठ्या बाबांना जीप घ्यायची हुक्की आली. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मोताळ्याच्या अलीकडे आमचं गाव. घरची काळी जमीन पुष्कळ, गोठ्यात बैलांची रांग, आणि घरात शब्द एकाचाच. माझे वडील तर भावासमोर खाटेवरसुद्धा टेकत नसत.

जीप आली. रंग उडालेला, टप फाटका. पण पावसाळ्यात जिथं छकड्याची चाकं अर्धी गडप व्हायची, तिथून ती गुरगुरत निघून जायची. गावातलाच एक जण लष्करात लॉऱ्या हाकून परत आला होता, त्याला ड्रायवर नेमलं. तो ब्रह्मदेशच्या इतक्या गोष्टी सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, ती लढाई ह्या एकट्यानंच जिंकली.

मी तेव्हा मराठी सातवी पास होऊन घरात बसले होते. अमरावतीला मास्तरणी तयार करायची सरकारी शाळा होती, तिथून मला बोलावणं आलं. ठरल्या सकाळी हजर व्हायचं, नाही झालं तर जागा दुसरीला. आमच्या घरातली एकही बाई शिकायला गाव सोडून गेलेली नव्हती. मी रुसले, जेवण सोडलं, आई रडली, तेव्हा कुठं मोठ्या बाबांनी मान हलवली. मला नुसतं जायचं नव्हतं हो, मला सुटायचं होतं. शेणगोठा, चूल आणि कोणाच्या तरी घरची सून होण्याची वाट पाहत बसणं, ह्या सगळ्यातून सुटायचं होतं. दुसरी वाट मला दिसत नव्हती.

हजर व्हायची ती सकाळ नेमकी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची. मी म्हटलं, मी आधीच जाते, बडनेऱ्याला मावशी आहे.

मोठे बाबा उखडले. "सणावाराले घरची पोरगी घरात नाई? मंग जीप काऊन घेतली म्या? खांदमळनी होऊ दे, पोळ्याच्या सकाळी न्याहारी करून निघू. मलकापूरले दुपारच्या गाडीत बसवून देतो तुले."

"अमावास्येले निघते का कोनी?" मोठी आई पुटपुटली. मोठी आई म्हणजे त्यांची बायको.

"जीपले अमावास्या लागत नाई," मोठे बाबा म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे सोलतात, म्हणून त्या दिवशी कोमट पाण्यानं ते शेकायचे आणि हळद-लोणी चोळायचं. आमच्याकडे बैलांचं खरंच कौतुक होतं, त्यात खोट नाही. त्या संध्याकाळी सगळ्या बैलांचे खांदे मळून झाले आणि मोठ्या बाबांच्या मनात आलं की जीपही यंदा राबली, तिचाही मान झाला पाहिजे. मोठी आई लोण्याची वाटी घेऊन जीपभोवती फिरली.

"अवो, पन हिचा खांदा कुठं?"

मोठ्या बाबांनी पुढचं झाकण उघडलं. "जोर इथून येते न? मंग खांदा इथंच."

झालं. इंजिनाला हळद-लोणी लागलं. नळ्यांना, तारांना, जिथं हात पोचेल तिथं. मग वरून कोमट पाण्याचे लोटे. ड्रायवर बाजूला उभा राहून तंबाखू मळत होता. एकदा फक्त म्हणाला, "जरा जपून, मालक." बस्स. ब्रह्मदेश जिंकणाऱ्याच्या तोंडून तेवढंच निघालं. शेवटी बैलांना म्हणतात तसं जीपलाही हात जोडून म्हणून झालं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

सकाळी मी नवं लुगडं नेसून तयार. ट्रंक मागच्या बाजूला ठेवली. आईनं हातावर दही घातलं. ड्रायवरनं बटण दाबलं. जीप कुरकुरली. पुन्हा दाबलं, पुन्हा कुरकुरली. बॅटरी बसत गेली, आवाज बारीक होत गेला आणि मग तोही आला नाही.

मग पुढून हँडल घालून फिरवणं सुरू झालं. ड्रायवर थकला की गडी, गडी थकला की दुसरा गडी. एकाला हँडलनं असा उलटा झटका दिला की तो हात धरून खालीच बसला. तोवर अर्धा गाव जमला होता आणि प्रत्येकाला इंजिन कळत होतं. एक म्हणे पेट्रोल येत नाही. ड्रायवरनं नळी सोडवून तोंडानं ओढली, तोंडभर पेट्रोल आलं, थुंकत बसला. पेट्रोल येत होतं. दुसरा म्हणे प्लग ओले झाले. ड्रायवरनं प्लग काढले आणि सरळ मोठ्या आईच्या चुलीत तापवायला नेले.

"अवो माय! पुरनाले राकेलचा वास येईन न बाप्पा! काढ ते मुडदे माह्या चुलीतून!"

प्लग तापले, बसवले, जीप हूं की चूं करेना. मी ट्रंकेजवळ उभी राहून सगळं पाहत होते. ऊन वर चढत होतं.

शेवटी ड्रायवरनं इंजिनावरची काळी टोपी काढली. तिच्यातूनच सगळ्या प्लगांना करंट जातो म्हणे. आत पिवळा लगदा. पाणी, हळद आणि लोणी. त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसलं, फुंकलं, पुन्हा पुसलं. ठिणगी पडायला लागली, पण मरतुकडी.

"आता नुसती ओढली पायजे, मालक," तो म्हणाला. "चाकं जोरात फिरली की इंजिन धरते. बॅटरीत जीव नाई, हँडलनं होत नाई. एक बैलजोडी लावा समोरून. वावरभर ओढली की सुरू होईन."

आधी माणसांनी ढकलून पाहिली. चिखलात पाय घसरून दोघं तोंडावर पडले, जीप जागची हलली नाही. सगळे मोठ्या बाबांकडे पाहू लागले.

"पोळ्याच्या दिवशी बैल जुंपायचे?" मोठे बाबा म्हणाले. "डोकं ठिकानावर हाये न तुमचं?"

माझे वडील पुढं झाले. आयुष्यात पहिल्यांदा. "दादा, पोरीची आगगाडी..."

"चूप बैस. वर्षाचा एक दिवस हाये त्याइचा. मुकं जनावर हाये ते."

वडील मागं सरले. मीच मग पुढं झाले. म्हटलं, "मोठे बाबा, एकवेळ जुंपा. मी त्याइच्या पाया पडतो. नाईतर मले पायी जाऊ द्या, कोनाले संगं द्या."

"वयात आलेली पोरगी चिखल तुडवत मलकापूरले जाईन? गाव तोंडात शेन घालन माह्या."

बैल मुके होते म्हणून त्यांचा मान. मला तोंड होतं, ते उघडलं तर घराची अब्रू जात होती. मला इतका संताप आला की वाटलं ते हँडल घ्यावं आणि त्या इंजिनावर घालावं. पण मी काय करणार? ट्रंकेवर बसून राहिले. दुपार झाली. पंगती बसल्या, पुरणपोळ्या वाढल्या, मला हाका मारल्या. मी उठले नाही. मलकापूरची आगगाडी सुटायची वेळ झाली आणि टळली. पुढच्या गाडीनं गेलं तर पोचेपर्यंत शाळेतली हजेरी उरकलेली असणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

संध्याकाळी गावाच्या तोंडाशी तोरण बांधलं. झुली, बाशिंगं, रंगवलेली शिंगं, सगळ्या जोड्या रांगेत उभ्या राहिल्या. आता पंचाईत अशी झाली की मोठ्या बाबांनी आजूबाजूच्या गावांत सांगून ठेवलं होतं, यंदा आमची जीप तोरणाखाली उभी राहणार. पाव्हणे पाहायला आले होते. जीप वाड्यासमोर चिखलात.

मोठ्या बाबांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग म्हणाले, "मानाची जोडी आना."

माझा आधी विश्वासच बसला नाही. घरातली सगळ्यात देखणी जोडी आणली, झुलीसकट. बंपरला दोर बांधला, दोराला जू अडकवलं आणि ते त्या लोणी चोळलेल्या खांद्यांवर ठेवलं. सकाळी ज्यांच्या पाया पडते म्हटलं तेच बैल. मी ट्रंकेवरून उतरले आणि सरळ मोठ्या बाबांसमोर जाऊन उभी राहिले.

"सकाळी काऊन नाई जुंपले?"

"सकाळी ते काम झालं असतं," ते म्हणाले. रागावलेसुद्धा नाहीत. "हा मान हाये. बाजूले हो, बाई."

बैलांनी ओढलं. ड्रायवरनं गिअर टाकला. जीप धक्के खात गेली, खोकली, दिवसभराच्या उन्हानं टोपी वाळली असणार, आणि तोरणाच्या अलीकडेच भडाभड सुरू झाली. बैल उधळले, लोक ओरडले, कोणीतरी गुलाल उडवला. मोठे बाबा जीपमध्ये उभे राहून हात जोडत होते. आख्ख्या गावात त्या दिवशी एवढा आनंदी माणूस दुसरा नसेल.

मी घरी आले. माझ्या मागोमाग गड्यानं ट्रंक आणून टाकली. मी लुगडं बदललं आणि ट्रंकेतले कपडे काढून परत खुंट्यांवर टांगायला लागले. एवढ्यात वडील धापा टाकत आले. अंगावर गुलाल, चेहरा फुललेला.

"सुरू झाली बरं का! पह्यल्या ओढीतच धरलं इंजिन. म्हटलं तुले सांगाव."

माझ्या बापाला आनंद झाला होता. सकाळी जो माझ्यासाठी तोंड उघडून गप्प बसला होता, त्याच माणसाला. मी म्हटलं, "बाबा, मलकापूरची आगगाडी गेली."

त्यांनी खुंटीवरच्या कपड्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "जाऊ दे न बाई. पुढच्या साली जाशीन."

पुढच्या पोळ्याला मी सासरी होते. पोटात पोर होतं, आणि सासूबाईंच्या हाताखाली मी बैलांच्या खांद्यांना लोणी चोळत होते.