टिंबांशिवायचं पुस्तक

दिना पेणकर यांनी पनवेलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली ती ट्रंक कॉलच्या जमान्यात. उरणच्या व्यापाऱ्याला भायखळ्याच्या दलालाशी जोडून द्यायचं आणि आपण लाइनीतून बाजूला व्हायचं, हे त्यांचं काम. पुढे लाइनी जोडायचे ते बोर्ड गेले, दिनाबाई निवृत्त झाल्या, यजमान वारले. एकुलता एक मुलगा राफेल बायकोला घेऊन इस्रायलला गेला आणि तिथलाच झाला. नात अयाला तिकडेच जन्मली, तिकडच्याच शाळेत वाढली.

दर शुक्रवारी दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. शुक्रवारी संध्याकाळी लागणाऱ्या ज्यूंच्या शब्बाथच्या शरबतासाठी मनुका भिजत घालून दिनाबाई फोनसमोर बसायच्या. पण अयालाला मराठीतलं 'आजी' सोडून काही येत नव्हतं आणि दिनाबाईंना तिची हिब्रू कळत नव्हती. मध्ये राफेल. तोही बारा तासांची पाळी करून आलेला, झोपेने पेंगुळलेला.

एका शुक्रवारी अयाला एक पुस्तक घेऊनच बसली. चौदा वर्षांची पोर, हात नाचवत, डोळे मोठे करत, मध्येच उठून उभी राहत किती तरी वेळ बोलली. दिनाबाई नुसत्या तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. ती थांबली तेव्हा राफेल म्हणाला, "आई, एक पुस्तक वाचलं म्हणते. आवडलं."

"आणि?"

"आणि काय? आवडलं."

"एवढी चूल पेटवून तू मला एक पापड भाजून देतोस होय रे? ती काय काय बोलली ते सांग."

"अगं, होडीबिडीची गोष्ट आहे कसली तरी. मुलांचं पुस्तक. तुला काय करायचंय?"

दिनाबाईंचा पारा चढला. "राफेल, मी आयुष्यभर लोकांच्या लाइनी जोडल्या. कुणाच्या बोलण्यात ठाण मांडून बसले नाही. ते पुस्तक मला पाठव."

"आई, ते तुझ्या प्रार्थनेच्या पुस्तकासारखं नसतं. त्यात अक्षरांखाली टिंबं नसतात. तुला नाही जमायचं."

त्यानंतरच्या शुक्रवारी अयाला कॉलवर आलीच नाही. क्लास होता म्हणे. पुढच्या खेपेला आली ती हात हलवून गेली. एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलेल्या बाईला लाइन क्षीण होत चालली की कळतं. पोर हातची जाणार, हे दिनाबाईंनी ओळखलं.

पुस्तक आलं ते एका लग्नाला आलेल्या नातलगांच्या बॅगेतून. मुखपृष्ठावर वाळवंट, आणि वाळूत उभी एक होडी. दिनाबाईंनी ते उघडलं आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. हिब्रू अक्षरं त्यांना लहानपणापासून येत होती. सिनेगॉगमध्ये बसून साऱ्या प्रार्थना त्यांनी वर्षानुवर्षं घडाघडा म्हटल्या होत्या. पण म्हणणं वेगळं आणि समजणं वेगळं. शिवाय तिथे प्रत्येक अक्षराखाली आपल्या काना-मात्रेसारखी टिंबं आणि रेघा असतात. इथे नुसत्या व्यंजनांची रांग.

शेजारच्या वसुंधरा आठवले पुस्तक बघायला आल्या. दोघींची चाळीस वर्षांची मैत्री, त्यामुळे बोलण्यात भीडभाड नव्हती.

"अगं दिना, हे तर हाडांचे सापळे दिसतायत. मांस कुठाय?"

"तेच तर. मांस आपण घालायचं."

वसुंधराबाईंनी वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं, 'पनवल'. "हे वाच बघू."

"पनवेल."

"मी मात्रा दिली नाही हं."

"जन्म इथे काढला, मला मात्रा कशाला लागते?" दिनाबाई बोलून गेल्या आणि एकदम पुस्तकावर वाकल्या. ओळखीचा शब्द टिंबांवाचून वाचता येतो, एवढंच की मग! प्रश्न फक्त ओळख वाढवण्याचा होता.

त्या दिवसापासून कामाला सुरुवात झाली. दिनाबाईंच्या प्रार्थनेच्या पुस्तकात एका पानावर हिब्रू आणि समोरच्या पानावर मराठी. कादंबरीत शब्द अडला की त्या तो प्रार्थनांमध्ये शोधायच्या. बहुतेक प्रार्थना पाठ असल्यामुळे शोधणं म्हणजे मनातल्या मनात म्हणत जाणं. शब्द सापडला की समोरची मराठी ओळ बघायची. 'माईम' म्हणजे पाणी. 'याम' म्हणजे समुद्र. 'ब्ली' म्हणजे वाचून, विना. देव आरंभाविना आहे आणि अंताविना आहे, हे त्या दर शब्बाथला गात आल्या होत्या, पण त्यातला 'विना' कुठला ते त्यांना सत्तरी उलटल्यावर कळलं. आयुष्यभर ज्या घरावरून गेलो त्या घराचं दार अचानक उघडावं, आणि आतून ओळखीच्या माणसाने हाक मारावी, तसं त्यांना झालं.

प्रार्थनेत सायकल नव्हती, आइस्क्रीम नव्हतं, शाळेची सुट्टी नव्हती. असे शब्द वसुंधराबाई त्यांच्या फोनमध्ये घालायच्या. फोन कधी नीट सांगायचा, कधी अक्कल पाजळायचा. एकदा त्याने संपूर्ण वाक्याचं मराठी करून दिलं, 'माझी आत्या खिडकीने रागावली.' दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. तेव्हापासून ठरलं, फोनला शब्द विचारायचा, वाक्य आपलं आपण लावायचं.

मिळालेला शब्द दिनाबाई प्रार्थनेच्या चालीवर घोळवायच्या. भाजी निवडताना, केस विंचरताना, 'ओफनाईम, ओफनाईम', म्हणजे सायकल, असं गंभीर सुरात चालू असे.

मासळीवाली रंभा उंबऱ्यावर टोपली उतरवून ऐकत राहिली. "दिनाताय, आज कंचा सन हाय तुमचा?"

"सण नाही गं. सायकल म्हणतेय."

"सायकलची पन पूजा करता काय तुमी?" रंभाने पदराने घाम पुसला. "घ्या, बोय आनलीय. कोलंबी बी हाय, पन ती तुमच्या धरमात चालत नाय, म्हनून फडक्याखाली झाकून ठेवलीय."

हळूहळू गोष्ट उलगडू लागली. वाळवंटातल्या एका गावातली मुलगी भंगारातल्या लाकडांची होडी बांधते. गावात ना समुद्र, ना नदी. लोक तिला वेडी म्हणतात. दिनाबाई गोष्टीत इतक्या गुंतल्या की पुढचा शब्द लागेपर्यंत चहा गार व्हायचा.

पाच प्रकरणं झाल्यावर त्यांना धीर आला. शुक्रवारी अयाला दिसताच राफेलने तोंड उघडायच्या आत दिनाबाईंनी जुळवून ठेवलेलं वाक्य म्हणून टाकलं, 'मी तुझं पुस्तक वाचते आहे.' म्हटलं तेही प्रार्थना म्हणावी तसं, सुरात आणि मान डोलवत.

अयाला क्षणभर थिजली. मग जी खिदळायला लागली, ती खुर्चीवरून घसरलीच. राफेलही हसत सुटला.

"आई, 'मी' म्हणायला तू 'आनोखी' म्हणालीस! आता तसं कुणी बोलत नाही गं. दहा आज्ञा देताना देव तसा बोलला होता. तू चहा मागितलास तरी लोक उठून उभे राहतील!"

दिनाबाईंनी कसंबसं हसून फोन ठेवला. पुस्तक त्यांनी कपाटात पातळांच्या खाली सारलं. वसुंधराबाई आल्या तर डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. या वयात आपलं हसं करून घ्यायची काय गरज होती?

मंगळवारी रंभाने विचारलं, "आज सायकल नाय गाइलीव?"

दिनाबाईंनी झालं ते सांगितलं. रंभा बोयी मोजता मोजता थांबली.

"नात हसली?"

"हसली म्हणजे काय! लोळली."

"मंग समजली की तिला! न समजता कोन हसल?" रंभाने मान उडवली. "माजा नवरा इतकी वरसं माजं बोलनं आयकतोय, एकदा पन हसला नाय. त्याला समजतच नाय, मी काय बोलतंय ते."

दिनाबाईंचा हात मासळीच्या ताटावर तसाच राहिला. खरंच की! आजवर त्यांनी राफेलच्या तोंडून किती विनोद पाठवले, किती कौतुकं पाठवली. अयाला नुसती मान हलवायची. आणि त्या दिवशी मध्ये कुणीही नसताना त्यांचं वाक्य थेट तिच्यापर्यंत जाऊन पोचलं होतं. वाकडं का होईना, पोचलं होतं. रंभा गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत पुस्तक कपाटाबाहेर आलं.

आता त्या अधिक चलाख झाल्या. कादंबरीतली माणसं 'मी' कशी म्हणतात ते त्यांनी पाहून घेतलं. 'आनी' म्हणतात, एवढंच. मुलं भांडताना काय म्हणतात, चिडवताना काय म्हणतात, तेही त्यांनी उचललं. प्रार्थनेचा सूर सोडायला मात्र वेळ लागला. वसुंधराबाई समोर बसून धाक घालायच्या, "दिना, देवाशी नाही, मुलीशी बोल!"

होडीवाल्या मुलीची मैत्रीण गाव सोडून जाते त्या प्रकरणात एक लांबलचक शब्द आला. पुढच्या पानावर पुन्हा तोच. मग मैत्रिणीच्या पत्रात तोच. प्रार्थनेत तो कुठेच सापडेना. वसुंधराबाईंनी फोनमध्ये घातला आणि फोनने तो आधी बोलून दाखवला, 'मितगागाअत'.

दिनाबाई म्हणाल्या, "पुन्हा वाजव."

पुन्हा वाजला. हा आवाज त्यांनी ऐकला होता. दर कॉलच्या शेवटी, राफेल 'चल आई, ठेवतो' म्हणत असताना मागून अयाला घाईघाईने हेच काहीतरी म्हणायची. अलीकडे म्हणायची थांबली होती.

"काय अर्थ?"

वसुंधराबाईंनी चष्मा सारखा केला. "आठवण येते. फार आठवण येते."

दिनाबाई उठल्या आणि उगाचच भांडी विसळू लागल्या. वसुंधराबाईंनीही त्यांना विसळू दिली.

पुस्तक संपवूनच दिनाबाई पुढच्या कॉलला बसल्या, शेजारी वसुंधराबाईंना घेऊन. अयाला आली ती उभ्या उभ्याच, पाठीला सॅक अडकवून. राफेल जांभई देत म्हणाला, "आई, हिला जायचंय, दोन मिनिटं..."

"राफेल, लाइन सोड," दिनाबाई म्हणाल्या. मग नातीकडे बघून, कसलाही सूर न लावता, साध्या घरच्या आवाजात बोलल्या, "गम आनी मितगागाअत." मलाही तुझी फार आठवण येते.

अयाला हसली नाही. तिने सॅक काढून खाली ठेवली, बापाला कोपराने सरकवलं आणि फोन दोन्ही हातांत धरून जवळ घेतला. "आजी?"

"आजी," दिनाबाई म्हणाल्या, आणि पुस्तक फोनसमोर धरून त्यांनी त्याचं शेवटचं पान उलटत हिब्रूतच सांगितलं, "सगळं वाचलं. शेवट वाईट आहे."

"वाईट?" अयाला किंचाळली. तिथून जी जुंपली! शेवटी ती मुलगी बांधून झालेली होडी टेकडीवरच ठेवते, गावातल्या मुलांना चढायला. समुद्रापर्यंत नेतच नाही. अयालाच्या मते हाच जगातला सर्वांत सुंदर शेवट होता. ती भराभर बोलत होती. दिनाबाईंना दहांतले चार शब्द लागत होते आणि उरलेले सहा तिच्या भुवयांवरून कळत होते. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. पनवेलच्या बंदरात गलबतं लागायची तेव्हापासून होड्या बघितलेली बाई ती. अर्धे शब्द प्रार्थनेतले आणि अर्धे कादंबरीतले घेऊन त्यांनी ठणकावलं, "सीरा ब्ली माईम, मा झे?" पाण्याविना होडी, हे काय झालं?

पलीकडे राफेल हातात कॉफी घेऊन उभा होता. तो अवाक होऊन म्हणाला, "आई, तू बरोबर बोललीस!"

"तुला कुणी विचारलं?" आई मराठीतून म्हणाली, आणि त्याच क्षणी मुलगीही त्याच्यावर हिब्रूतून खेकसली. तो मुकाट्याने आत गेला.

अयालाने पुन्हा मुद्दा मांडला. दिनाबाईंनी पुन्हा मान हलवली, नाही म्हणजे नाही. शेवटी अयाला वैतागून कपाळाला हात लावत म्हणाली, "आजी, आत अक्शानित!"

'आत' म्हणजे तू, एवढं कळलं, पण पुढचा शब्द पुस्तकात नव्हता, प्रार्थनेतही नव्हता. वसुंधराबाई फोन घेऊन शेजारी सज्जच होत्या, पण दिनाबाईंनी त्यांचा हात दाबून ठेवला आणि नातीलाच हिब्रूतून विचारलं, म्हणजे काय?

अयाला विचारात पडली. मग लहान मुलाला सांगावं तसं, सोपे सोपे शब्द निवडत, एकेक सावकाश ठेवत म्हणाली, "एक बाई. सगळे तिला म्हणतात, नाही. ती म्हणते, हो. सगळे म्हणतात, हो. ती म्हणते, नाही. रोज. आयुष्यभर."

दिनाबाईंना शब्द न् शब्द कळला. त्या ताठ बसल्या.

"हो," त्या हिब्रूतून म्हणाल्या, "मी तीच. आता होडीचं बोल."