चुन्याचे पट्टे

चुडामण आबाच्या केळीच्या बागेचं एका सिनेमात बेट झालं. ही शहाऐंशी सालची गोष्ट. चोपड्याजवळ, तापीच्या काठी.

सिनेमावाल्यांकडे समुद्रापर्यंत जायला पैसे नव्हते. तापीचं पात्र समुद्र म्हणून चालणार होतं आणि आबाची बाग जंगल म्हणून. नायक जंगल तोडत नायिकेपर्यंत पोचतो, एवढाच सीन होता. आबाने बाग फुकट दिली. अट एकच घातली. घड उतरलेली खोडं हवी तेवढी तोडा, ती तशीही कापायचीच असतात. निसवलेल्या केळीला हात लावायचा नाही.

त्या घरात निसवलेली केळ पोटुशी मानतात. बागेत पहिली केळ निसवली, तिचं कमळ म्हणजे केळफूल बाहेर पडलं, की आबाची बायको कुंदाबाई त्या केळीची ओटी भरते. त्या वर्षीही भरली होती.

चूक होऊ नये म्हणून आबाने तोडायच्या खोडांना स्वतः चुन्याचे पट्टे मारले आणि नायकाला खुणा दाखवल्या. मग तो बैल बघायला पिंपळनेरला गेला.

परतला तेव्हा पट्टेवाली खोडं सगळी उभी होती. निसवलेल्या केळी आडव्या पडल्या होत्या. कमळं चिखलात तुडवलेली, ओटीचा खण चिकात भिजलेला. कुंदाबाई आडवी गेली होती. तिला दोघांनी धरून बांधावर बसवून ठेवलं होतं. दिग्दर्शक शांतपणे म्हणाला की बेटावर चुना कुठून येणार, पट्टे कॅमेऱ्यात दिसले असते. आबा कोयता घेऊन त्याच्यामागे थेट नदीपर्यंत धावला. गाडी निघून गेली.

पुढच्या यात्रेत तंबूत तोच सिनेमा लागला. गाव लोटलं. आबाही गेला. गावाने डोळ्यांनी बघावं, एवढंच त्याला हवं होतं.

नायकाने कोयता उगारला. पहिली केळ पडली आणि तंबूत शिट्ट्या झाल्या. दुसरी पडली. टोप्या उडाल्या.

आबा उठला आणि पडद्यापुढे जाऊन उभा राहिला.

"बठ आबा खाले," निंबा ओरडला. त्याची बाग आबाच्या बांधाला लागून. "हिरोईन दखू दे."

लोक हसले.

"ती निसवेल शे, निंबा," आबा म्हणाला. "तुम्ही बठ्ठा केयवाला शेतस. निसवेल केयवर कोयता पडना अन् शिट्ट्या मारतस? मंग मी चुना कसाले लायेल व्हता?"

तंबूतले सगळे केळीवालेच होते. निंबाने मान खाली घातली. मागून मात्र शेंगांची टरफलं आली. कोणीतरी आबाच्या आईचा उद्धार केला. नायक नायिकेला मिठी मारत होता, आबाच्या पांढऱ्या बंडीवर. आबा हलला नाही.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने कुंदाबाई उठली. डोक्यावरचा पदर सावरला, सगळ्या गावासमोरून चालत आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. आता पडद्यावर दोन सावल्या होत्या. नायिका दिसेना.

टरफलं येतच राहिली. मशीनवाल्याने आधी शिव्या दिल्या. मग मशीन बंद केलं.