इसे उदोनवरचा लाल शिक्का

“मिचिकोचं दुकान यादीत खाली ढकल,” येरून म्हणाला. येरून आमचा प्रॉडक्ट मॅनेजर. नेदरलँड्समध्ये कुठल्या प्रांताचा उदोन कुठे खावा, हे सांगणारं आमचं अ‍ॅप. उदोन म्हणजे जपानी जाड शेवया. येरूनने आयुष्यात त्या सुपरमार्केटच्या कपातूनच खाल्लेल्या. मी तर त्याही नाही. काय ते एक्स्पर्ट आम्ही!

नियम मात्र मीच लिहिला होता. तीन रिव्ह्यूंमध्ये ‘मऊ’ किंवा ‘गिळगिळीत’ आलं, की दुकानावर लाल शिक्का: ‘शिजवण्यात दोष’. सानुकीचा उदोन चिवट, इनानिवाचा बारीक आणि गुळगुळीत. तिथे नियम चोख चालला. मिचिकोबाई पडल्या इसे या देवस्थानाच्या गावच्या. शिक्का बसल्यापासून त्यांच्या फोरबर्गच्या दुकानात गिऱ्हाईक फिरकेना, म्हणून त्यांनी आम्हाला मेल केली. एका दुपारी मी सायकलवरून गेलो.

समोर वाडगं आलं. जाड, पांढऱ्या शेवया, तळाशी थोडासा काळा दाट रस. चावायचीही गरज नव्हती.

“किती वेळ शिजवता?” मी विचारलं.

“तासभर,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे देवळाला चालत येणाऱ्यांसाठी असाच करतात. दमलेल्या पोटाला सोसतो. यात दोष कसला?”

मला लाज वाटली. आजारपणात आई गुरगुट्या भात करायची. त्याला कुणी फसलेला पुलाव म्हटलं असतं, तर मी भांडलो असतो.

ऑफिसात येऊन येरूनला आमचंच पान दाखवलं. वर माहिती: ‘इसे उदोन अतिशय मऊ असतो.’ खाली शिक्का: मऊ आहे, म्हणून दोष.

“युजर्स तक्रार करतायत,” तो म्हणाला.

“युजर्सना माहीत नाही.”

“युजर्स चुकत नसतात. तिकीट टाक, पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू.”

तिकीट म्हणजे कामाची नोंद, स्प्रिंट म्हणजे दोन आठवड्यांत उरकायची कामं. ‘पुढच्या स्प्रिंटमध्ये’ म्हणजे देव जाणे कधी. मधल्या काळात हिरवं बटण किती हिरवं असावं यावर चार मीटिंगा झाल्या. डोंबल!

अखेर शिक्का निघाला, ते सांगायला मी गेलो. मिचिकोबाईंनी तोवर पाकिटातल्या चिवट शेवया सुरू केल्या होत्या. “आता सगळे खूश आहेत,” एवढंच म्हणाल्या. ‘बसा’ काही म्हणाल्या नाहीत.

अ‍ॅपवर त्यांना आता पाच तारे आहेत. ‘इसे’ उघडलं की ओळ येते: ‘नेदरलँड्समध्ये एकही दुकान नाही.’ डेटा कसा स्वच्छ झाला, असं येरून म्हणतो.

न चाखता चवीचे नियम लिहिणाऱ्याला अनॅलिस्ट म्हणतात. मी अजून तेच करतो. फक्त आता सीनिअर आहे.