अठरावा रोजा

रमजानच्या आधीच डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "इन्शुलिन चालू आहे, रोजे धरायचे नाहीत." घरी येऊन मी खूप रडले. अकराव्या वर्षापासून मी रोजे धरत आले होते. बाळंतपणात राहिलेले रोजेसुद्धा नंतर भरून काढलेले. आता वाटलं, अल्लाहनं मला दारातूनच परत पाठवलं. माझं काय चुकलं असेल? माझ्या मालकांनी, म्हणजे यांनी, समजावलं, "आजाऱ्याला सूट त्यानंच दिलीय. तू कशाला नाकारतेस?" मी मान हलवली आणि गुपचूप रोजे धरू लागले. दुपारी यांनी विचारलं की "खाल्लं" म्हणायचे. ज्या तोंडानं कुराण पढायचे त्याच तोंडानं रोज खोटं बोलत होते, आणि त्यालाच इबादत समजत होते.

अठराव्या रोज्याला मी आजारी बहिणीला भेटायला मुंबईला गेले. तिच्याकडे दुपारनंतरची असरची नमाज पढले आणि घरी परतायला भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरली. लाँच सुटली आणि थोड्या वेळातच माझे हात थरथरू लागले. घामानं ओढणी भिजली, समोरची माणसं धूसर झाली. मगरिबला, रोजा सोडायच्या वेळेला, अजून तासभर होता. मी डोळे मिटून एकच दुआ करत होते, "या अल्लाह, अजानपर्यंत ताकद दे."

शेजारी एक म्हातारी कोळीण रिकाम्या टोपल्या घेऊन बसली होती. तिनं माझा हात हातात घेतला.

"बाय, तुला शुगर हाय ना?"

"रोजा आहे माझा," मी कसंबसं म्हटलं.

"माज्या घरवाल्याला असाच घाम सुटला व्हता. मी बाजारात. घरान कोन नव्हता." एवढं बोलून तिनं नातीसाठी घेतलेली जिलेबीची पुडी फोडली आणि एक तुकडा माझ्या ओठांशी धरला. "खा. तुज्या देवाला काय बोलायचा तो मना बोलंल."

मी तोंड उघडलं. जिलेबी गिळताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रेवस येईपर्यंत तिनं माझं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून ठेवलं आणि माझ्याच फोनवरून यांना बोलावून घेतलं.

रिक्षात मी यांना सगळं सांगितलं, अठरा दिवसांचं खोटंसुद्धा. हे रागावले नाहीत. "आधी नमाज पढू," एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी सजद्यात डोकं टेकलं तेव्हा मला कळलं, मी इतके दिवस अल्लाहपुढे माझा हट्ट घेऊन उभी होते. ताकद मागितली होती, त्यानं माणूस पाठवलं.

उरलेल्या दिवसांत मी रोज्याच्या बदल्यात रोज एका गरीब बाईला जेवू घातलं. ईदला आम्ही दोघं शीरखुर्मा घेऊन, धक्क्यावर घर विचारत, त्या कोळीण मावशीकडे गेलो. तिनं नवऱ्याच्या शेवटच्या दिवसाबद्दल सांगितलं, आणि मी त्याच्यासाठी दुआ मागितली.

आता रमजानात पहाटे सहेरीला उठून मी घरच्यांसाठी तांदळाच्या भाकऱ्या थापते. त्या खाऊन ते रोजा धरतात. दिवस वर आला की मी इन्शुलिन घेते, एकटीच पानावर बसते आणि बिस्मिल्लाह म्हणून पहिला घास तोंडात घालते. तोही त्याचाच हुकूम आहे. तो पाळताना आता डोळे भरून येतात, पण दुःखानं नाही.