फडक्यांचा रेट

कारखान्यात मशीन पुसायला फडकी लागतात. सातपूरच्या एका कंपनीला ती मी पुरवते. जुन्या सुती साड्या, धोतरं, चादरी घ्यायच्या, सोड्याच्या पाण्यात उकळायच्या, वाळल्या की चौकोन कापायचे आणि चारी बाजूंनी शिलाई मारायची. कापडात बटण, हूक, जरीची तार असं काही राहता कामा नये, नाहीतर चकचकीत लोखंडावर ओरखडा उठतो. टेरिकॉट तर चालतच नाही. ते तेल पीत नाही, नुसतं इकडून तिकडे फिरवतं.

आधी हे काम आम्ही दोघं करायचो. शिवणं माझं, बोलणं नवऱ्याचं. बोहारणीशी भाव ठरवणं, कंपनीत जाणं, टेंपोवाल्याला सांगणं सगळं तोच बघायचा. मी लहानपणापासून माणसांसमोर गप्प. गुरुजींनी उभं केलं की येत असलेलं उत्तरसुद्धा घशात अडकायचं. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा वाईट वाटलं, पण आता कोणी उभं करणार नाही म्हणून सुटल्यासारखंही वाटलं. नवरा म्हणायचा, "तू मशीनशी बोल, मी माणसांशी बोलतो." आम्हाला मूल झालं नाही. तो गेला तेव्हा घरात शिलाई मशीन राहिलं आणि मी राहिले.

तो गेल्यावर कंपनीची पुढची ऑर्डर आलीच नाही. मला वाटलं, माणूस गेला म्हणून काम गेलं. मग टेंपोवाला निरोप घेऊन आला. म्हणाला, "वहिनी, तुमचा रेट संपलाय. ऑफिसात जाऊन नवा देऊन या, मग ऑर्डर निघेल."

रेट संपतो म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. नवऱ्याने कधी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर जाऊन उभी राहिले.

खरेदीच्या ऑफिसात एक चष्मा लावलेली मुलगी बसली होती. मुलगी म्हणते, पण सगळे तिला मॅडम म्हणत होते, म्हणून मीही मॅडमच म्हणाले. तिने शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बसा मावशी." मी काठावर टेकले. तिने विचारलं, "नवा रेट काय द्यायचा?" मला आकडा माहीत होता, रात्रभर तोच घोकला होता, पण तोंडातून निघेना. दुसऱ्या कोणी स्वतःच एक आकडा बोलून मोकळं केलं असतं. तिने चहा सांगितला. म्हणाली, "चहा येईपर्यंत आठवा. घाई नाही."

चहा अर्धा झाल्यावर मी आकडा सांगितला.

तिने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. एका ओळीत फडकी, पुढे रेट, त्याच्यापुढे दोन तारखा. कधीपासून आणि कधीपर्यंत. जुन्या कापडाचा भाव सारखा हलतो, म्हणून माझ्या रेटला तीन महिन्यांची मुदत होती. ऑर्डर ज्या दिवशी निघेल त्या दिवशी जो रेट चालू असेल, तोच लागायचा.

"जुना संपला की दुसऱ्याच दिवशी नवा सुरू करायचा," ती म्हणाली. "मध्ये एक दिवस जरी मोकळा राहिला तरी त्या दिवशी ऑर्डर निघत नाही. आणि दोन रेट एकावर एक चढले, तर तेही हा कॉम्प्युटर घेत नाही."

"म्हणजे घरात दोन सवती नकोत, आणि घर रिकामंही नको," मी म्हणाले.

कसं बोलून गेले कोण जाणे. ती इतकी हसली की पलीकडच्या टेबलावरचे साहेब वळून बघायला लागले. मी पदर सारखा केला. पण घरी येताना, नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच, मी रस्त्यावरची दुकानं बघत चालले.

मग दर तीन महिन्यांनी जाणं सुरू झालं. मुदत संपत आली की मी बोहारणीकडून नवा भाव घ्यायची, धुतलेली साडी नेसायची, आणि दुपारच्या जेवणाची सुट्टी झाली की जायची. त्या वेळी मॅडमकडे गर्दी नसायची. रेट भरायला असा किती वेळ लागतो? पण चहा यायचा. ती विचारायची, कापड मिळतं का? मी बोहारणीचं बोलणं सांगायची. आमची बोहारीण पंचवटीकडून येते, तोंडाने फटकळ. ती म्हणायची, "आता सुती साडी नेसतंय कोण? समद्या बायका गाऊनवर. तू गाऊनचीच फडकी कर." हे सांगितलं की मॅडम म्हणायची, "मीही घरी गाऊनच घालते, मावशी. माझ्यामुळे तुमचा धंदा बसणार."

मॅडम नांदगावकडची. इथे खोली घेऊन एकटीच राहते, डबा लावलाय. डब्यातली भाजी रोज पिवळीच असते, असं म्हणायची. मी तिला एकदा धुऊन धुऊन मऊ झालेल्या मलमलीचं छोटं फडकं शिवून दिलं, चष्मा पुसायला. तिने ते कॉम्प्युटरशेजारी ठेवलं.

तिच्यासाठी ते काम होतं, हे मला कळत होतं. माझ्यासारखे किती तरी पुरवठादार, कोणी नट-बोल्टवाला, कोणी खोकीवाला, प्रत्येकाच्या मुदती तिच्या डोक्यावर. पण माझ्याकडे दुसरं कोणी नव्हतं. गल्लीत बोलणं व्हायचं ते नळाच्या पाण्यापुरतं. मॅडमकडून आल्यावर मी दोन-तीन दिवस तेच बोलणं मनात फिरवत शिवायची. काय म्हणाली, मी काय म्हणाले, काय म्हणायला हवं होतं.

गेल्या वर्षी कंपनीने नवीन पद्धत आणली. पुरवठादाराने स्वतःच्या मोबाईलवरून रेट भरायचा. मॅडमने मला शेजारी बसवून शिकवलं. इथे दाबा, इथे रेट, इथे तारीख, हिरवी खूण आली की झालं. माझ्याकडून दोनदा करून घेतलं. मग म्हणाली, "बघा, किती सोपं. आता उन्हातान्हात यायला नको, मावशी."

"बरं झालं," मी म्हणाले.

दुसरं काय म्हणणार होते? जिचा यायचा त्रास वाचला, तिने 'मला त्रास हवा होता' असं कसं म्हणायचं?

पुढच्या खेपेला घरी बसून रेट भरला. हिरवी खूण आली. मी चहा केला, एक कप. मोबाईल मशीनच्या फळीवर ठेवला आणि चहा पीत त्याच्याकडे बघत बसले. तो काही विचारत नव्हता.

त्याच्या पुढच्या खेपेला मात्र रेट भरणं राहिलं. मुदत संपत आल्याचा मेसेज आला होता. बोहारणीचा भावही घेऊन ठेवला होता. उद्या भरू, असं म्हणत राहिले. उद्या आला की परत उद्या. मला काय हवं होतं ते मी स्वतःलाही नीट सांगत नव्हते, पण शिवताना फोन हाताशी ठेवत होते आणि मशीनच्या आवाजात वाजला तर कळणार नाही म्हणून मध्येच पाय थांबवत होते.

मुदत संपली. फोन आला नाही. त्यानंतरही दिवस गेले, फोन नाही. कापलेल्या चौकोनांचा ढीग वाढत गेला. मग मात्र ध्यानात आलं. कंपनीच्या यादीत फडकीवाली मी एकटी नव्हते. दुसऱ्याचा रेट चालू असेल तर ऑर्डर त्याच्याकडे जाणार, आणि एकदा गेली की परत कशाला येईल? एका फोनसाठी मी हातातलं काम घालवत होते. तरीही माझा हात मोबाईलकडे जाईना.

मग एका सकाळी फोन वाजला.

"मावशी! कुठं आहात? रेट का नाही टाकला?"

"राहिला."

"राहिला काय? इथं स्टोअरवाला माझ्या डोक्यावर बसलाय. पोरं हात पँटला पुसतायत. तुम्हाला बरं नाही का?"

"बरंय."

"मग मोबाईल बिघडला?"

"नाही."

मागे कोणीतरी तिला हाक मारत होतं.

"अहो, मला वाटलं तुम्ही काम सोडलं. रेट संपला की ऑर्डर काढताना इथे तुमचं नावच येत नाही. मी वरून खालून शोधलं. संध्याकाळपर्यंत टाका, नाहीतर मला दुसऱ्याकडून घ्यावी लागतील. आणि जमलं तर यावेळी वर्षाचाच टाका. दर तीन महिन्यांनी आठवण ठेवायला नको, तुम्हालाही आणि मलाही."

"हो," मी म्हणाले, आणि फोन बंद झाला.

तिने मला शोधलं होतं, हे ऐकून बरं वाटलं. पण 'मलाही' हा शब्द कुसळासारखा टोचत राहिला. शिवताना विचार केला. मी तीन महिन्यांचाच रेट टाकत राहिले, तर दर खेपेला हेच होणार. मी रेट अडवून ठेवणार आणि फोनची वाट बघणार. ती वैतागणार. एक दिवस फोन न करता सरळ दुसऱ्याकडून फडकी घेईल, आणि तिची काही चूकही नसेल.

दुपारी बोहारीण आली तेव्हा मी म्हणाले, "मला वर्षाचा भाव सांग. मध्ये वाढवायचा नाही."

"वर्षाचा?" तिने टोपलं खाली ठेवलं. "सोनार तरी उद्याचा भाव सांगतो का? मी तर चिंध्यावाली हाय."

"थोडा जास्त लाव, पण एकच लाव."

"आज तोंड उघडलंय बाई तुझं," ती म्हणाली, आणि बराच वेळ घासाघीस करून एक भाव ठरला.

संध्याकाळच्या आत मी वर्षाचा रेट टाकला. 'कधीपर्यंत'च्या रकान्यात पुढच्या वर्षाची तारीख घातली. हिरवी खूण आली. दुसऱ्या दिवशी ऑर्डर आली, टेंपो गठ्ठे घेऊन गेला, सगळं सुरळीत झालं.

आता जायला कारण उरलं नव्हतं. मला मॅडमला भेटायचं असेल तर नुसतंच भेटायला जावं लागणार होतं. ते मला कधी जमलं नव्हतं. गावाकडच्या बहिणीकडेसुद्धा मी काही निमित्त काढूनच जायची. कितीतरी दिवस साडी काढून परत ठेवली. शेवटी एका दुपारी, आता नाही गेले तर कधीच जाणार नाही असं वाटलं, आणि गेले.

गेटवर तोच जुना वॉचमन होता. "मावशी, लय दिवसांनी. गठ्ठा कुठंय?"

"गठ्ठा नाही. परचेसच्या मॅडमना भेटायचंय."

"काम काय लिहू?"

"काही काम नाही."

त्याने पेन कानावर ठेवलं. "काम नसताना कंपनीत कोण येतं? आम्हाला तर काम असूनही यावंसं वाटत नाय." मग हसून त्याने आत फोन लावला. "मॅडम, फडकीवाल्या मावशी आल्यात. नाही, माल नाही. नाही, बिलपण नाही. काम नाही म्हणतात... हो." फोन ठेवून म्हणाला, "थांबा म्हणाल्या."

मी बाहेर कडुनिंबाखाली उभी राहिले. आत जेवणाची सुट्टी संपत आली होती, माणसं हात पुसत परत चालली होती. मला वाटलं, केवढा हा आगाऊपणा. निघून जावं. रस्त्याकडे वळलेही, तेवढ्यात मागून हाक आली.

"मावशी! काय झालं? पैसे अडकले का?"

"नाही."

"मग रेट चुकला? वर्षाचा टाकला असला तरी बदलता येतो हं, घाबरू नका."

"रेट बरोबर आहे."

"मग?"

गुरुजींनी उभं केल्यासारखं झालं. उत्तर येत होतं आणि घशात अडकत होतं. मी तिच्या चपलांकडे बघून म्हणाले, "चहा प्यायला आले."

तिने वर ऑफिसच्या खिडक्यांकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "मीटिंग आहे मला. पण एक चहा होईल."

आम्ही समोरच्या टपरीवर गेलो. ग्लास हातात आले आणि दोघी गप्प. ऑफिसात आमच्या मध्ये तो कॉम्प्युटर असायचा. काही सुचलं नाही तर दोघींना त्याच्याकडे बघता यायचं. इथे बघायला काहीच नव्हतं. ती चहावर फुंकर मारत होती. मी रस्त्यावरून जाणारे टेंपो बघत होते. मला वाटलं, संपलं. रेट नाही तर आमच्याकडे बोलायला काहीच नाही.

ग्लास निम्मा झाल्यावर तिने विचारलं, "तुमची ती बोहारीण येते का अजून?"

"येते."

"वर्षाचा भाव मागितल्यावर काय म्हणाली?"

मी सोनाराचं सांगितलं. चिंध्यावालीचं सांगितलं. ती हसली, चहा तिच्या ओढणीवर सांडला आणि पुसायला दोघींकडेही फडकं नव्हतं. त्यावर ती परत हसली. मग मोबाईल वाजला आणि ती घाईने गेट ओलांडून आत गेली. पुन्हा या, असं म्हणाली नाही. गडबडीत राहिलं असेल, किंवा नसेलही.

तेव्हापासून बोहारीण काही बोलली की मी ते लक्षात ठेवते. परवा म्हणाली, "जुनी साडी आणि जुनी बाई, दोघींना आता भाव नाय." मी मशीनवर बसल्या बसल्या हसले. हे मॅडमला सांगायचं आहे. पुन्हा जायचं धाडस अजून झालेलं नाही.