पाषाणमामांची विहीर

कुठलाही दगड हातात आला की पाषाणमामा आधी त्याच्यावर तोंडाची वाफ सोडत आणि मग डोळे मिटून तो हुंगत. ओल्या मातीसारखा वास आला तर म्हणत, "ह्यो मऊ पडाय लागलाय." वास आलाच नाही तर खुशीत मान हलवत, "तरणा हाय अजून." मंगळवार पेठेतल्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळेचे शिपाई होते आणि मी भूगोलाचा शिक्षक. मधल्या सुट्टीत मुलं रस्त्यात सापडलेले दगड घेऊन पळत सुटायची, ती शिक्षकांच्या खोलीवरून, माझ्या खुर्चीसमोरून, थेट त्यांच्याकडे. मला ते सहन होत नसे.

नोकरी लागण्याआधी मामांनी वडिलांबरोबर विहिरी खोदल्या होत्या. त्यांचं सगळं ज्ञान तिथलं. मी फळ्यावर अग्निजन्य खडकाची व्याख्या लिहायचो आणि मागचे दोन बाक जांभया द्यायचे. मामा पांढऱ्या स्फटिकांनी भरलेला काळा दगड पुढे करून सांगायचे, "ह्यो तापून वितळला व्हता, तवा फेसाळला. थंड झाला आन् फेसाची भोकं तशीच राहिली. मागनं पाणी झिरपत आलं, त्यातनं ह्ये पांढरं खनिज एकेका भोकात साठलं." किती वर्षं लागली, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "त्ये सर सांगतील. मी काय शिकलेला न्हाय." इतक्या आदराने ते माझ्याकडे बोट दाखवायचे, आणि नेमकं तेच मला टोचायचं.

वार्षिक परीक्षा संपली की ते आठवीच्या मुलांना गडमुडशिंगीला, भावाच्या विहिरीवर नेत. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलेलं असे आणि विहिरीची भिंत वरपासून खालपर्यंत उघडी पडे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे आणि सगळ्यात खाली अखंड काळा पाषाण. "वर म्हातारं, खाली तरणं," मामा सांगत. "ऊन-पाणी वरनं लागतंय, म्हणून वरनं झिजतंय. तळाचा हाय त्योच दगड, वर येऊस्तवर त्याची माती झाली." मुलं बोटांनी पापुद्रे सोलून बघायची. विदारणाचा धडा मी चार तास शिकवत असे. त्या विहिरीवर तो अर्ध्या तासात संपायचा आणि पुढच्या वर्षीही मुलांच्या लक्षात असायचा.

एकदा आदल्या वर्षी विहीर बघून आलेली, नववीतली शबाना नावाची मुलगी भर वर्गात एक तांबूस, खडबडीत दगड घेऊन उभी राहिली. मी लांबूनच म्हणालो, "जांभा." तिने शंकेने दाराकडे पाहिलं. मामा नकाशा टांगायला आले होते. त्यांनी दगड घेतला, वाफ सोडली, हुंगला. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सर सांगत्यात तसंच." वर्ग सुटल्यावर त्यांनी मागच्या पायरीवर तो दगड हातोडीने फोडला. आत काळा कुळकुळीत बेसाल्ट. "सालपट तांबडं असतंय सर, लोखंड गंजल्यागत. लई जण फसत्यात," ते हलक्या आवाजात म्हणाले. त्यांनी मला चारचौघांत खोटं पाडलं असतं तर मी एखादेवेळी विसरलो असतो. त्यांनी मला सांभाळून घेतलं, आणि मी ते विसरू शकलो नाही.

त्याच आठवड्यात मी मुख्याध्यापकांकडे गेलो. "विहिरीला कठडा नाही, सर. उद्या एखादं मूल पडलं तर?" कठडा नव्हता हे खरंच होतं. पण सहलीच्या आदल्या दिवशी मामा स्वतः जाऊन पायऱ्यांच्या कडेने दोर बांधून येत, एका वेळी पाचच मुलं खाली उतरवत आणि स्वतः सगळ्यांच्या खालच्या पायरीवर उभे राहत. मी हे सांगितलं नाही. सहल बंद झाली.

मामा माझ्याकडेच आले. "सर, तुम्ही जरा शब्द टाका की. तुमचं ऐकत्यात त्ये."

"बघतो मामा," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "बोललो होतो, मुख्याध्यापक तयार नाहीत." तिसऱ्या वर्षी त्यांनी विचारलं नाही. मुलं दगड घेऊन येतच राहिली आणि मीही खुर्चीतून ती बघतच राहिलो.

मामा मागच्या महिन्यात गेले. गडमुडशिंगीला भेटायला गेलो, तर अंगणात शबाना बसली होती. आता ती एका कॉलेजात भूशास्त्र शिकवते. ती जमलेल्या लोकांना सांगत होती, "मी आज जी काय आहे ती मामांच्या विहिरीमुळं." कसं सांगू, त्या दुखवट्याच्या घरातही ती माझं नाव कधी घेते, याची मी वाट बघत होतो.

निघताना ती जवळ आली. "सर, माझ्या धाकट्या भावाला ती विहीर बघायला मिळालीच नाही. सहल बंद व्हायला नको होती. मामा सांगायचे, सरांनी आमच्यासाठी लई खटपट केली, पण वरचे ऐकंनात."

तिच्या नजरेत माझ्याबद्दल एवढा आदर मी पहिल्यांदाच पाहिला. मी म्हणालो, "हो गं. केली होती."

शबाना, मी खटपट केली ती सहल बंद पाडण्यासाठी.