मगरमोराच्या पोटातली सुई

"हळू बोल, त्याला डोळे लावलेत!"

काकूंनी असं दटावलं की भल्याभल्यांचा आवाज खाली यायचा. हातातली सुई पदरात, डाव्या खांद्यावर खुपसायची आणि मांडीवरच्या जनावराचं तोंड पाहुण्याकडे वळवून त्याची ओळख करून द्यायची, ही त्यांची रीत. जनावर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कापसाचा ससा किंवा अस्वल आलं असेल, तर ते आधी पुसून टाका. काकूंच्या जनावराला सोंड असायची आणि कल्लेही असायचे. शेळीच्या धडाला पंख असायचे, आणि पंखाखाली एक छोटी शेळी झोपलेली असायची. हे सगळं हाताने शिवलेलं. मशीन घरात होती, पण तिच्यावर टीव्ही ठेवलेला होता.

भाईंदरला, आमच्या नवघरच्या बिल्डिंगमध्ये काकू तळमजल्यावर राहायच्या. लालबागहून इकडे आल्या, मीरा रोडला हाटकेशच्या एका शिलाईच्या गाळ्यात कित्येक वर्षं शर्टांना काज-बटण केलं, आणि ते काम सुटल्यावर हे सुरू झालं. गाळ्यातल्या जुन्या मैत्रिणी कात्रणांची पोती आणून टाकायच्या. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या शर्टाला बटणं लावली," काकू म्हणायच्या, "आता ज्याला शर्टच येणार नाही असं काहीतरी शिवते."

त्यांनी एकदा खिडकीत एक उडता रेडा टांगला होता. तो बघून आमच्या गल्लीतली कुत्री शेजारच्या गोडदेवला कायमची राहायला गेली. सिलिंडरवाला त्या रेड्याला आधी नमस्कार करायचा, मग बेल वाजवायचा. कावळ्यांनी तर बिल्डिंगवरून उडताना वळसा घालायला सुरुवात केली. यातलं काही खोटं वाटत असेल तर सिलिंडरवाल्याला विचारा. माझ्या बायकोला विचारू नका.

काकूंचा कायदा एकच होता. डोळे सगळ्यात शेवटी लावायचे. डोळे नसतात तोवर जनावरासमोर काहीही बोला, सोसायटीच्या सेक्रेटरीला शिव्या घाला, सुनांची उणीदुणी काढा. शर्टाची दोन काळी बटणं चेहऱ्यावर बसली की संपलं. मग त्याच्यासमोर वाकडं बोलायचं नाही, आणि त्याला पुन्हा सुई-कात्री लावायची नाही. "बघतोय तो. बघणाऱ्याला टोचायचं कसं, मेल्या?" आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांची गाऱ्हाणी त्यामुळे अर्धवट राहायची. ऐन रंगात आल्यावर काकू दुसरं बटण ओवायच्या.

माझ्या साडेतीन वर्षांच्या चिंगीने काकूंकडे ऑर्डर नोंदवली. "आजी, मला मगर पाहिजे. पण गोड."

काकूंनी तिच्यासाठी मगरमोर केला. तोंड मगरीचं, पाठीवर मोराचा पिसारा, खाली सहा पाय आणि मागे बोंबलासारखी मऊ शेपटी. दात पांढऱ्या सॅटिनचे. कापूस इतका दाबून भरलेला की त्याच्यावर बसलं तर तोच आपल्याला उठवेल.

रविवारी सकाळी मी तो आणायला गेलो. काकू गाऊनवर होत्या, कारण पाण्याचा टँकर येणार होता आणि साडी नेसून बादल्या उचलता येत नाहीत. त्यांनी दुसरा डोळा बसवला, दोरा दाताने तोडला आणि मगरमोर माझ्या कडेवर दिला. मग त्यांची नजर माझ्या शर्टावर गेली. वरचं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं.

"काज-बटणवालीच्या दारात असा येतोस? थांब तिथेच."

"काकू, अंगावर शिवू नये म्हणतात."

"म्हणून तर दोरा धरायचा. आ कर."

अंगावरचा कपडा शिवताना दातात दोरा धरायचा, नाहीतर अक्कल शिवली जाते, असं आमच्याकडे मानतात. मी दोरा दातात धरला. तोंड उघडता येईना. माझी आई सांगायची की मी जन्मलो तेव्हा रडलो नाही, सुइणीशी गप्पा मारल्या. तर असा मी, त्या दिवशी पहिल्यांदा गप्प बसलो. काकूंनी त्याचा फायदा घेऊन माझी सगळी उणीदुणी काढली. मगरमोराला डोळे असूनही.

बटण बसलं, आणि बाहेर ओरडा झाला, "टँकर आला!" काकू बादली घेऊन पळाल्या. मी मगरमोर घेऊन वर आलो.

दुपारी चिंगी त्याला गालाशी धरून झोपली होती आणि दार वाजलं. दारात काकू. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"सुई सापडत नाहीये रे."

मी हसलो. "दुसरी घ्या."

"कळत नाही का तुला? पदर नव्हता आज. टँकरच्या गडबडीत समोर जे कापड दिसलं त्यात खुपसून पळाले मी. समोर काय होतं? तुझ्या कडेवर हाच होता!"

मी बायकोला हाक मारली. बायकोने चिंगीच्या मिठीतून मगरमोर अलगद काढला. काकूंनी तो इंच इंच दाबून पाहिला. घर झाडून, गाऊन झटकून, खुर्ची उलटी करून त्या आधीच आल्या होत्या. माझा शर्टही झटकला, खिसा उलटा केला. काही नाही.

"आता फाडायला हवा," बायको म्हणाली आणि कात्री घेऊन आली.

काकूंनी कात्री हातात घेतली. मगरमोर त्यांच्याकडे बघत होता. "लेकरू रोज ह्याला तोंडाशी धरणार. फाडायलाच हवा. पण एक सांगते, हा फाडला तर आजपासून सुई बंद. ज्या हाताला सुईची जागा आठवत नाही, त्याने पोरांसाठी शिवू नये."

तेवढ्यात चिंगी जागी झाली. कात्री, मगरमोर आणि आजी एकत्र बघून तिने जो भोंगा पसरला, तो भाईंदरच्या खाडीपलीकडे ऐकू गेला असणार.

त्या भोंग्यातच मला सुचलं. "काकू, कात्री ठेवा. मॉलला चला."

"मॉलला? आत्ता तुला खरेदी सुचतेय?"

त्या काळात मीरा रोडला नवा मॉल झाला होता, आणि दारातला गार्ड हातातली धातू हुडकणारी काळी दांडी प्रत्येकाच्या अंगावरून फिरवायचा. रिक्षात आम्ही चौघं, वर पाच नंबरचा मगरमोर. रिक्षावाला आरशातून त्याला बघून मीटर टाकायचं विसरला.

"ये क्या है?" गार्ड दोन पावलं मागे सरकला.

"मगर है, मोर भी है," मी म्हणालो. "इसके पेट में सुई है क्या, जरा देख लो भैया."

मागे रांग थांबली. गार्डने कानापासून शेपटीपर्यंत दांडी फिरवली. सहाही पाय तपासले. एक आवाज नाही.

"मशीन बंद असेल मेली," काकू म्हणाल्या. त्यांनी आपला हात पुढे केला. बांगडीला सेफ्टीपिनांचा घोस होता. टूँऽऽ! सगळी रांग दचकली. मशीन ठणठणीत होती. गार्डने मगरमोर उलटा करून पुन्हा तपासला. गप्प.

"नाहीये," काकू पुटपुटल्या. मग एकदम, "मग गेली कुठे?"

"साहब, आप भी आइए," गार्ड कर्तव्यदक्ष. दांडी माझ्या पोटावरून फिरली, छातीवरून फिरली, गळ्याशी आली.

टूँऽऽ!

काकूंनी गार्डला बाजूला सारलं आणि माझी कॉलर उलटी केली. कॉलरच्या खालच्या बाजूला, काळ्या दोऱ्याचं शेपूट लोंबवत, सुई बसली होती. सकाळपासून. मी तिच्यासकट जेवलो, तिच्यासकट वामकुक्षी केली, आणि ती मला एकदाही टोचली नव्हती.

काकू मॉलच्या पायरीवरच बसल्या. आधी हसल्या, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसल्या. रांगेतल्या एका गुजराती आजींनी त्यांना बाटलीतलं पाणी दिलं. चिंगीने मगरमोर परत कुशीत घेतला आणि गार्डला सांगितलं, "त्याला गुदगुल्या झाल्या."

"दातात दोरा होता म्हणून सांगितलं नाहीस होय?" काकू म्हणाल्या.

"माहीत असतं तर दोऱ्यासकट बोललो असतो!"

"बोलला असतास रे. तू काय बोलायचा राहतोस." आणि जाता जाता मॉलला नाक मुरडून म्हणाल्या, "चला घरी. तो दोन डोक्यांचा खेकडा अर्धा पडलाय."

त्यानंतरही काकूंनी कितीतरी जनावरं शिवली. फक्त गाऊनवर सुई धरली नाही. टँकर आला तरी साडीच.

पुढे त्या मुलाकडे नाशिकला राहायला गेल्या. निघायच्या दिवशी सामान टेम्पोत चढलं होतं, उडता रेडा पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता. मी निरोप द्यायला खाली गेलो, मुद्दाम तोच शर्ट घालून. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, खांद्यावरची सुई काढली, माझी कॉलर उचलली आणि आतल्या बाजूला खुपसली.

"तुझ्याकडे राहू दे. तिथे टोचत नाही कोणाला."

आता काकू नाहीत. चिंगी माझ्या खांद्याच्या वर गेली. मगरमोर टीव्हीशेजारी बसतो, आणि मला कोणाची उणीदुणी काढायची असली की मी आधी त्याचं तोंड भिंतीकडे करतो. तो शर्ट माझ्या पोटाने केव्हाच नाकारला. बायको दर दिवाळीला तो बोहारणीसाठी गाठोड्यात टाकते आणि मी दर दिवाळीला काढून घेतो. परत कपाटात टांगण्याआधी कॉलरखाली बोट घालतो.

टोचतं. मग बरं वाटतं. आहे, जागेवर आहे.